आमची वाटचाल : खाडाखोड दिसली पाहिजे

१९९६ साली सांगलीच्या गणपती पेठेत, एका कापड दुकानाच्या माडीवर मी माझं चार्टर्ड अकाउंटंटचं (सीए) ऑफिस सुरू केलं. एक टेबल, तीन खुर्च्या, कागदाची गुंडाळी लावलेलं टोटलिंग मशीन आणि हिरव्या पेन्सिलींचा डबा, एवढंच भांडवल. क्लायंट म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाणा व्यापारी आणि दोन हार्डवेअरवाले. टॅक्स ऑडिटची, म्हणजे आयकरासाठी सीएकडून सक्तीने हिशेब तपासून घेण्याची मर्यादा तेव्हा ४० लाखांच्या उलाढालीची होती.

दुकानांचे हिशेब लिहिणारे दिवाणजी लाल कापडात बांधलेल्या वह्या घेऊन यायचे. एक आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारा मुलगा, कीर्द (रोजच्या नोंदींची वही) वाचायचा, दुसरा खतावणीवर (खातेवार वही) हिरवी टिक मारायचा. अख्खं वर्ष तपासणं शक्यच नसे. मार्च आणि मधले दोन महिने निवडायचो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंची बेरीज, जुळली नाही की रात्र गेली. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, हे माझ्या सरांनी शिकवलेलं. ५४ च्या जागी ४५ सापडले की चहा मागवायचा.

त्या वह्यांचा एक गुण मला तेव्हा कळला नव्हता. कोणी आकडा बदलला, तर तो दिसायचा. खोडलेली रेघ, ब्लेडने खरवडलेला पातळ कागद, वेगळी शाई. बोट फिरवलं तरी समजायचं.

१९९९ मध्ये कर्ज काढून पहिला कॉम्प्युटर घेतला आणि डॉसवरचं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकलो. तेरीज न जुळण्याचा विषयच संपला. मला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटली. बेरीज यंत्र करणार असेल तर आमच्याकडे येणार कोण? याचं उत्तर तीन वर्षांनी मिळालं, आणि ते महागात पडून मिळालं. एका व्यापाऱ्याचे स्वच्छ छापलेले हिशेब पाहून मी ताळेबंदावर सही केली. पुढच्या वर्षी आरंभीच्या शिलका माझ्याच सहीच्या प्रतीशी जुळेनात. सहीनंतर कोणीतरी मागच्या वर्षात जाऊन नोंदी फिरवल्या होत्या. कोणी, कधी, काही कळायला मार्ग नव्हता. कागद कोरा करकरीत, कुठे एक ओरखडा नाही. तो महिना मी नीट झोपले नाही. चूक माझीच होती. नीटनेटकं दिसतंय म्हणून मी ते खरं धरलं होतं.

त्यानंतर नियमच केला. सही करण्याआधी डेटाचा बॅकअप स्वतः घ्यायचा आणि आपल्या कपाटात ठेवायचा.

पुढची वर्षं भराभर गेली. २००५ मध्ये व्हॅट (मूल्यवर्धित कर) आला, पाठोपाठ त्याच्या ऑडिटचा ७०४ नंबरचा फॉर्म, ज्याने एक्सेल येत नसलेल्यांनाही एक्सेल शिकवलं. २००६ पासून कंपन्यांची कागदपत्रं ऑनलाइन जाऊ लागली. मग टॅक्स ऑडिटचा अहवालही. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि समोरच्या पार्टीने काय दाखवलंय हे घरबसल्या दिसायला लागलं. पूर्वी शिल्लक पडताळणीची पत्रं टपालाने पाठवायचो, त्यातली निम्मी उत्तराविना राहायची. २०१९ पासून आमच्या प्रत्येक सहीला अठरा अंक-अक्षरांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक लागतो. बँकेचा अधिकारी तो टाकून प्रमाणपत्र खरं की खोटं ते पाहू शकतो. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी सुधारणा आहे.

२०१९ च्या ऑगस्टबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. वयस्कर क्लायंटना जिना चढवत नाही म्हणून आम्ही तळमजल्यावर आलो होतो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर कपाटं आडवी, फायलींचा लगदा. ऑडिटचे कागद किमान सात वर्षं जपणं आमच्यावर बंधनकारक आहे. आम्ही पाच जण, घरची मंडळी, दोन क्लायंटची मुलं, असे गच्चीवर दोऱ्या बांधून कागद वाळवत होतो. हिरव्या टिका पसरून पानभर डाग झाले होते. टॅक्स ऑडिटची मुदत तोंडावर होती. बरेच कागद गेलेच.

त्या दिवाळीत स्कॅनर घेतला, सगळं क्लाउडवर नेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा फक्त खुर्च्या आणि टेबलं वर चढवली. काम एक दिवस थांबलं, बस्स.

आता तीन महिने निवडायची गरज नाही. वर्षाची सगळी व्हाउचर्स एका फाइलमध्ये येतात आणि आमच्या ऑफिसातली मुलगी अर्ध्या तासात त्यातून हवं ते चाळते. एका व्यक्तीला एका दिवशी दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च आयकरात अमान्य होतो. म्हणून ती ९,८००, ९,९०० च्या नोंदी वेगळ्या काढते. एकाच हमाल मुकादमाच्या नावावर ओळीने बावीस दिसल्या की विचारायला जागा मिळते. हिरव्या पेन्सिलीला हे कधी सापडलं नसतं.

पण यंत्रात जे भरलंच नाही ते यंत्र दाखवणार कसं? पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईत फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेत हेच झालं, ते २०१८ मध्ये उघडकीला आलं. हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेवरून परदेशी गेले, कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबाच्या सिस्टिममध्ये, त्यांची नोंदच नव्हती. एप्रिलमध्ये बँक शाखेच्या ऑडिटला निघताना मी मुलांना हे दरवर्षी सांगते. थकीत कर्जांची यादी आता सिस्टिम देते. यादीत नसलेलं शोधणं आपलं काम.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग, म्हणजे कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याची टिपण, ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, आणि तो लॉग वर्षभर चालू होता का हे आम्हाला अहवालात लिहावं लागतं. पुष्कळांना हा जाच वाटतो. मला मात्र वीस वर्षांपूर्वी हरवलेली खाडाखोड परत मिळाली.

पहिल्याच वर्षी एका बेदाणा कंपनीच्या लॉगमध्ये सतरा खरेदी बिलं दिसली. मे महिन्यात, रात्री नऊनंतर, तारखा बदलून मार्चमध्ये नेलेली. ऑफिसातली मुलं उत्साहात होती, घोटाळा सापडला म्हणून. मी दिवाणजींना फोन केला. सत्तरीचे गृहस्थ, आवाज कापत होता. "ताई, कोल्ड स्टोअरेजच्या पावत्याच उशिरा आल्या. दिवसा दुकानात गर्दी, म्हणून रात्री बसून दुरुस्त केलं." लॉग कोण आणि केव्हा ते सांगतो, का ते सांगत नाही. आम्ही कोल्ड स्टोअरेजला जाऊन आवक रजिस्टर लावलं. चौदा बिलं दिवाणजी म्हणाले तशीच निघाली. तीन नव्हती. तो माल एप्रिलमध्ये आला होता आणि बँकेला दिलेल्या मार्चअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये (साठ्याच्या पत्रकात) चढला होता. दिवाणजींना त्याची कल्पना नव्हती. ती तीन बिलं मालकांनी सांगून फिरवायला लावली होती. आम्ही साठा दुरुस्त करून घेतला, बँकेला सुधारित स्टेटमेंट गेलं, त्यातला फरक अहवालात नोंदवला आणि पुढच्या वर्षी ते काम आमच्याकडे राहिलं नाही. त्याचं वाईट वाटतं, पण सही माझी आहे.

सध्या एआयचा विषय रोज निघतो. करारपत्र वाचून मुद्दे काढायला, पत्राचा मसुदा करायला आम्ही तो वापरतो. मध्यंतरी एका आर्टिकलने क्लायंटची अख्खी खतावणी फुकटच्या ॲपमध्ये टाकली. त्याला रागावले नाही, शेजारी बसवून समजावलं की दुकानदार आपल्याला ज्या गोष्टी सांगतो त्या तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. आता ऑफिसात लेखी नियम आहे: क्लायंटचं नाव आणि डेटा बाहेर जाणार नाही.

आज आम्ही अकरा जण आहोत. टोटलिंग मशीन पुरात गेलं, पेन्सिलींचा पत्र्याचा डबा गंजलेला का होईना, टेबलावर आहे. येत्या ३१ मार्चला दोन नव्या मुली साठा मोजायला तासगाव रोडच्या कोल्ड स्टोअरेजला जाणार आहेत. त्यांना सांगून ठेवलंय, लॅपटॉप ऑफिसातच राहू दे, स्वेटर आणि बॅटरी घ्या, आणि मागच्या रांगेतले बॉक्स हलवून बघा.