ठिपका दिसेनासा होतो तेव्हा

"तीनच्या वेगानं चाललीय, म्हंजे जाळं अजून पाण्यातच हाय," असे म्हणत कोल्हापुरातल्या मासळी बाजारातील मावशींनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने बांगड्यांवरचा बर्फ सारखा केला. नकाशावर रत्नागिरीच्या पश्चिमेला त्यांच्या भाच्याचा ट्रॉलर दिसत होता.

हिशेब बरोबर होता. जाळे ओढताना ट्रॉलर साधारण २ ते ४ नॉट (म्हणजे ताशी २ ते ४ सागरी मैल) वेगाने चालतो, परतताना बराच जलद. आणि बोटीवरचे एआयएस हे ओळख सांगणारे यंत्र तिचे स्थान, दिशा व वेग व्हीएचएफ रेडिओ लहरींवरून प्रसारित करत असल्याने हे सारे घाटावर बसूनही ओळखता येते.

"आणि ठिपकाच दिसेनासा झाला तर?"

"बंद करत्यात कधीकधी. मासं घावल्यावर जागा कुणाला दावायची व्हय?"

हे उत्तर दिवसभर डोक्यातून गेले नाही. बोट या लहरी टिपणाऱ्या किनाऱ्यावरील केंद्राच्या टप्प्याबाहेर गेली, तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) यंत्र बंद केले किंवा खरोखरच काही विपरीत घडले, तरी घरच्यांना मोबाइलवर दिसते ते एकच: काहीच नाही.

इस्रोने विकसित केलेले, उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारे ट्रान्सपॉन्डर १ लाख मासेमारी बोटींवर मोफत बसवण्याची योजना सरकारने २०२४ मध्ये सुरू केली. योजना चांगलीच आहे (फुकट आहे म्हणून नव्हे). पण आपली राखलेली जागा दुसऱ्याच्या पडद्यावर उमटणार नाही, असा भरवसा वाटल्याशिवाय तांडेल कोणतेही यंत्र मनापासून चालू ठेवेल का?