बोल्डरमधली ती शुक्रवारची रात्र

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल काय ते सांगायला लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची गाठ असली की दुकानाचं शटर अर्धं ओढून पळणारे आम्ही. त्यामुळे पुतण्या म्हणाला, "काका, शुक्रवारी फुटबॉलची तिकिटं काढलीत," तेव्हा मी निवांत होतो. मैदानात गेल्यावर कळलं, हे अमेरिकन फुटबॉल, ह्यात पायाला फारसं कामच नाही.

तारीख १३ ऑक्टोबर २०२३. पुतण्या अमेरिकेत डेन्व्हरला असतो, तिथून आम्ही बोल्डरला गेलो. गाव पाच हजार फुटांच्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. पार्किंगपासून फॉल्सम फील्ड ह्या स्टेडियमचा चढ चढताना माझा भाता चालू झाला होता आणि बाजूने पोरं टणाटण उड्या मारत जात होती. गेटवर हिची कापडी पिशवी अडली. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते, हे पुतण्याने बजावलं होतं आणि आम्ही विसरलो होतो. चिवड्याच्या डब्यासकट पिशवी घेऊन तो बिचारा परत गाडीपर्यंत गेला.

पन्नास हजारांचं स्टेडियम, आणि तेही भरलेलं. हे सगळं एका माणसापायी. आदल्या वर्षी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ह्या संघाने १२ पैकी ११ सामने घालवले होते. मग डिसेंबरात नवे मुख्य प्रशिक्षक आणले, डिऑन सँडर्स. एकेकाळी व्यावसायिक फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही गाजवलेला गडी. लोक 'कोच प्राइम' म्हणतात. आल्या आल्या त्यांनी जुन्या पोरांना तोंडावर सांगितलं, दुसरीकडे जागा बघा. ऐंशीच्या वर नवी पोरं भरली. आमच्याकडे एखाद्या वस्तादाने अख्खी तालीम अशी रिकामी केली असती, तर पेठेत त्याला चहा मिळाला नसता. पण पहिल्याच सामन्यात, आदल्या मोसमाची राष्ट्रीय अंतिम लढत खेळलेल्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला त्यांनी ४५-४२ हरवलं. मग नेब्रास्का, मग शेजारची कोलोरॅडो स्टेट. तीनपैकी तीन! पुढे ओरेगनने ४२-६ असं धुतलं, तरी गर्दी हटली नाही. आम्ही गेलो तेव्हा हिशोब चार विजय, दोन पराभव असा होता.

आधी राल्फी आली. राल्फी म्हणजे कोलोरॅडो संघाचं शुभचिन्ह, खरीखुरी बायसन मादी. दाजीपूरच्या गव्याची केसाळ चुलत बहीण म्हणा. पाच पोरं दोर धरून तिच्याबरोबर धावत होती. धरून कसली, तीच त्यांना ओढत होती. मैदानाला वळसा घालून ती थेट आपल्या गाडीत शिरली. माझ्या मते तिकिटाचे निम्मे पैसे तिथेच वसूल.

खेळ रात्री आठला सुरू झाला, समोर स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संघ. पुतण्या समजावत होता: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. मला निम्मं कळत होतं. पण ट्रॅव्हिस हंटर कळायला नियम लागत नाहीत. हा पोरगा आक्रमणातही खेळतो आणि बचावातही. यकृताला मार बसून तीन सामने बाहेर होता, त्या रात्री परतला आणि दोनदा चेंडू झेलून गुण घेतले. चेंडू फेकणारा शेडूर, खुद्द प्रशिक्षकांचा मुलगा. मध्यंतराला कोलोरॅडो २९-० पुढे. आमच्या रांगेतले पाचसहा जण उठून गेले. थंडी हाडात शिरलेली, हीसुद्धा म्हणाली, "चला आता, झालं की." मी म्हटलं, पैसे दिलेत, बसू.

नंतर स्टॅनफर्डच्या इलिक आयोमानोरने एक चेंडू धरला आणि पळत सुटला तो ९७ यार्डांची नोंद करूनच थांबला. लोक हसले, म्हणाले, असू दे एक. मग तोच पुन्हा. पुन्हा तोच. एका रात्रीत १३ झेल, २९४ यार्ड. शेवटच्या क्षणी किकवर ३६-३६. जादा खेळात त्याने हंटरच्या अंगावरूनच चेंडू काढला. कसा धरला ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या जादा डावात शेडूरचा फेकलेला चेंडू समोरच्यांच्या हातात गेला, त्यांनी किक मारली, ४६-४३. बारा वाजून गेले होते. एवढी माणसं, आणि आवाज फक्त जिन्यावरच्या बुटांचा. शाहू स्टेडियमवर हरल्यावर निदान शिव्या तरी ऐकू येतात.

गाडीत मी विचारलं, "स्टॅनफर्डचा कोच कोण रे?" ज्या संघाने सहापैकी हा फक्त दुसरा सामना जिंकला होता, त्याचा वस्ताद कोण, हे मला हवं होतं. पुतण्याला आठवेना. मोबाईलवर शोधलं: ट्रॉय टेलर. त्यांचाही हा पहिलाच मोसम.

घरी परतल्यावर मी निकाल बघत राहिलो. त्या रात्रीनंतर कोलोरॅडोला एकही सामना जिंकता आला नाही; शेवट ४-८. स्टॅनफर्डचा ३-९. चिवडा आम्ही डेन्व्हरला पोचेपर्यंत संपवला होता.