ओटीवरचा झोपाळा

माझा धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत गुहागरच्या किनाऱ्यावर कधी अनवाणी उतरला नाही. ओली वाळू पायाला लागली की किंचाळायचा, "आई, चावते!" शर्टाचं लेबल, मिक्सरचा आवाज, बोटाला लागलेली चटणी, सगळ्याचं तेच. शेजारणी म्हणायच्या, लाडावलाय. मलाही तसंच वाटलं आणि एकदा मी त्याला ओढत पाण्यात नेलं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

चिपळूणच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं, खेळ जमावेत म्हणून उपचार करणाऱ्या) ताईंनी पहिल्यांदा नीट सांगितलं, की तो नाटक करत नाही. त्याच्या मेंदूला तो स्पर्श खरंच तेवढा तीव्र जाणवतो. स्पर्श, आवाज, आतल्या कानातून कळणारा तोल, स्नायू-सांध्यांतून येणारी शरीराची जाणीव, हे सगळं मेंदूनं जुळवून घेणं म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशन. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी हा विचार मांडला, १९७२ साली त्यावर पुस्तकही लिहिलं.

मग घरी ओटीवरचा झोपाळा कामाला आला. हळू, एका लयीत झोके, आणि तो "बस" म्हणाला की लगेच थांबायचं. आजोबा त्याच्याकडून सोललेले नारळ टोपलीतून माजघरात नेववायचे; वजन उचललं-ओढलं की तो शांत व्हायचा. हातांना आधी सुके तांदूळ, मग सुकी वाळू. ओली सर्वांत शेवटी, तीही त्याच्या मर्जीनं.

सात महिने लागले. परवा ओहोटीच्या वेळी त्यानं चपला काढून माझ्या हातात दिल्या, दोन पावलं पुढे गेला आणि वळून म्हणाला, "आई, आज गार लागते."