‘गाडी लागते’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

परवा शिक्षण परिषदेत एका ताईंनी विचारलं की तुम्ही सहावीला इंग्रजीच्या कुठल्या अॅक्टिव्हिटी घेता, आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली कारण तेवढ्यात चहा आला. घरी आल्यावर वाटलं आता लिहूनच काढू.

आमची शाळा वाईजवळच्या गावातली, जिल्हा परिषदेची, सहावीचा पट 23. माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, 2000 सालापासून ते पहिलीपासून झालं, म्हणजे ही पोरं माझ्याकडे येतात तेव्हा पाच वर्षं इंग्रजी शिकून आलेली असतात. शब्द भरपूर येतात हो, प्राणी विचारा फळं विचारा रंग विचारा, धडाधड सांगतील. पण शेजारच्याकडे खोडरबर इंग्रजीत माग म्हटलं की सगळा वर्ग खिडकीबाहेर बघतो.

मीही सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. स्टँड अप, सिट डाउन, टच युवर नोज. ह्याला टीपीआर म्हणजे टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात, जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत, बाईंनी ऑर्डर सोडायची आणि पोरांनी न बोलता करून दाखवायचं. पहिली दुसरीला झकास चालते. सहावीत मला वाटायचं वा, सगळ्यांना येतंय, मग एक दिवस सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हटलं टच युवर एल्बो, तर अर्ध्या वर्गाचे हात हवेत तसेच. इतके दिवस निम्मी पोरं पुढच्या बाकाकडे बघून नाकाला हात लावत होती! तेव्हापासून टीपीआर घेतलं तर डोळे मिटूनच.

मग रनिंग डिक्टेशन. व्हरांड्याच्या भिंतीवर चार ओळींचा कागद चिकटवायचा, जोडीतल्या एकाने पळत जायचं, वाचायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं पण आमच्याकडे पहिल्या दिवशी नुसती जत्रा. एकजण दारातूनच ओरडून सांगत होता, एकजण जोडीदाराला ‘अरे टी एच ई, टी एच ई लिही की’ म्हणून स्पेलिंगच घालत होता, आणि एका पोरीने तर अख्खं वाक्य तळहातावर पेनाने लिहून आणलं. तिला काय रागवणार, तिने वाचलं, लिहिलं, परत वाचून दाखवलं, मला हवं त्याच्या दुप्पट काम केलं. आता नियम एकच, पेन वर्गातच ठेवून जायचं आणि अक्षरं नाही, शब्द सांगायचे. त्याच दिवशी नेमके एक साहेब भेटीला आलेले. भेटीच्या वहीत ‘वर्गात शिस्तीकडे लक्ष द्यावे’ असा शेरा पडला. असो.

खरा फरक पडला तो एसटीच्या वेळापत्रकाने. आयडिया माझी नाही. 1979 ते 1984 ह्या काळात एन. एस. प्रभू ह्या इंग्रजी शिकवण्यातल्या तज्ज्ञांनी बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला होता, व्याकरण शिकवायचंच नाही, पोरांना नकाशे, रेल्वेचं टाइमटेबल असं काहीतरी द्यायचं आणि डोकं चालवायला लावायचं, इंग्रजी त्या नादात येतं. आधी सगळ्या वर्गाबरोबर तोंडी एक कोडं सोडवायचं, मग तसंच दुसरं ज्याचं त्याने सोडवायचं. आणि निम्म्या वर्गाला निम्मं जरी जमलं तरी तो तास चांगला धरायचा, हे वाचून तर मला फार बरं वाटलं होतं, कारण आमच्याकडे सगळ्यांना सगळं आलंच पाहिजे असंच असतं. प्रभूंनी गटात काम द्यायचं टाळलं होतं, पोरं एकमेकांच्या चुका पक्क्या करतात म्हणून. मला ते पूर्ण पटत नाही, माझी लाजरी पोरं जोडीतच तोंड उघडतात. पण गटात बसवलं की दोन मिनिटांत मराठी सुरू होतं हेही खरंच आहे.

तर मी फळ्यावर वाई ते पाचगणीच्या गाड्या लिहिल्या, 8.30, 9.30, 10.15, वेळा माझ्या मनाच्या. प्रवास अर्धा तास धरायचा. कोडं असं की आजीला 11 वाजता पाचगणीच्या दवाखान्यात पोचायचंय, कुठली गाडी पकडू? त्यांनी मला प्रश्न विचारायचे, मी इंग्रजीतच उत्तर देणार. पहिला प्रश्न आला, ‘बाई, बस व्हेन लीव्ह?’ म्हणजे बस कधी सुटते, जसंच्या तसं. मी थांबवलं नाही, फक्त म्हटलं, व्हेन डझ द बस लीव्ह? इट लीव्ह्ज अॅट नाइन थर्टी. चौथ्या पाचव्या प्रश्नाला कुणीतरी ‘डझ’ घातला, चुकीच्या जागी घातला, पण घातला.

मी उत्तर 10.15 धरून बसले होते, पावणेअकराला पोचते म्हणून. तर मागच्या बाकावरचा एक, जो एरवी खिचडीच्या बेलशिवाय हलत नाही, तो उठला आणि म्हणाला, ‘नो बाई. आजी वॉक स्लो. टेक नाइन थर्टी.’ मग दुसरा म्हणाला डॉक्टरकडे नंबर लावावा लागतो, त्याला नंबर लावणे इंग्रजीत येईना, त्याने हातवारे करून रांग दाखवली. वीस मिनिटं वाद चालला आणि मला काही करावंच लागलं नाही.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, ‘बाई, गाडी लागते हे इंग्रजीत कसं सांगायचं?’ मला वाटलं फलाटाला गाडी लागते ते, मी सांगितलं द बस इज अॅट द स्टँड. ती म्हणाली, ‘तसं नाही ओ, पसरणी घाटात मला गाडी लागते.’ सगळा वर्ग हसला, मीही. मग सांगितलं, आय फील सिक ऑन द बस. ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं नाही, पाठ करायला दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी 23 पैकी 23 जणांना येत होतं कारण निम्म्यांना घाटात गाडी लागते आणि उरलेल्यांना लागणाऱ्यांशेजारी बसावं लागतं.

डिसेंबरात प्रतापगडला सहल गेली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तीच पोरगी उठून उभी राहिली, मी मनात म्हटलं आता वाक्य येणार. कसलं काय, ‘बाई पिशवीऽऽ’ म्हणून ओरडली. शेजारी तो आजीवाला बसला होता. पाय वर घेऊन, अगदी शांतपणे मला म्हणाला, ‘बाई, शी फील सिक ऑन द बस.’

‘फील्स’ मधला एस राहिला, पण मी तेव्हा पिशवी धरून उभी होते.