शंभर टक्के कॅशमियर, पण धागा किती पदरी?

बँकेतून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून एक तरी वस्तू फक्त स्वतःसाठी घ्यायची, एवढं पक्कं ठरलं होतं. ती वस्तू इटालियन कॅशमियरचा, म्हणजे शेळीच्या अंगावरच्या मऊ लोकरीचा, स्वेटर निघेल असं मात्र वाटलं नव्हतं. लेक मिलानला शिकते, तिच्याकडे हिवाळ्यात राहिले. तिथली थंडी ओली, धुक्यातून थेट हाडात शिरणारी. पुण्याहून नेलेल्या स्वेटरांनी पहिल्याच आठवड्यात हात टेकले. व्हिसा, तिकीट वगैरे सगळं सरळ झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते स्वेटर निवडताना.

लेकीनं यादी केली होती. वरच्या टोकाला लोरो पियाना: 1924 पासूनची पीडमाँटमधल्या क्वारोनाची गिरणी. 2013 साली एलव्हीएमएच या फ्रेंच समूहानं तिचा 80 टक्के हिस्सा 2 अब्ज युरोंना घेतला. दुसरे ब्रुनेल्लो कुचिनेल्ली. या गृहस्थांनी 1978 मध्ये बायकांसाठी रंगीत कॅशमियर स्वेटर करायला सुरुवात केली आणि पुढे उंब्रियातल्या पेरूजाजवळचं सोलोमेओ हे आख्खं खेडं दुरुस्त करून तिथेच कंपनीचं बस्तान बसवलं. तिसरी मालो, 1972 ची, फ्लॉरेन्सकडची. मालक अनेकदा बदलले, पण विणकाम जाणणारे लोक तिचं नाव अजून आदरानं घेतात. आणि खिशाला झेपणारी फाल्कोनेरी, ओनिव्हर्स (पूर्वीचा काल्झेदोनिया) समूहाची. पहिल्या दोघांचा साधा गोल गळ्याचा स्वेटरही चार आकडी युरोंचा, फाल्कोनेरी त्याच्या अंशात, मालो मधे कुठेतरी.

आता माझी अडचण. चारही ठिकाणी आतल्या लेबलवर तेच: 100 टक्के कॅशमियर. युरोपियन कायद्यानं धागा कशाचा आणि किती टक्के, एवढंच लिहावं लागतं. तंतू किती बारीक, किती लांब, धागा किती पदरी (म्हणजे किती सुतं एकत्र पिळून केलेला), तो कुठे कातला, यातलं काहीही लिहायची सक्ती नाही. आणि स्वेटर टिकणार की महिन्याभरात काखेत गोळे धरणार, हे नेमकं त्यावरच ठरतं. आखूड तंतू पिळातून सुटतात आणि त्यांचेच गोळे होतात. एकपदरी धाग्याचा स्वेटर धुतल्यावर तिरका होतो आणि भोकंही लवकर पडतात. मी आयुष्यभर विणत आले आहे, एवढं मला कळतं.

म्हणून मिलानमधल्या महागड्या दुकानांच्या मोंतेनापोलेओने रस्त्याजवळच्या एका दुकानात विचारलं, "हा दोन पदरी आहे का?" दुकानाचं नाव घेत नाही, आणि ते वरच्या चारांपैकी आहे की नाही हेही सांगत नाही. विक्रेती गोड हसली आणि स्वेटर माझ्या गालाला लावून म्हणाली, "हात फिरवून बघा ना, सिन्योरा." हात फिरवून झाला होता. मऊ होताच. पण मऊपणा धुण्यातूनही आणता येतो! विणून झाल्यावर कापड जास्त वेळ धुवून, घोळवून त्यावर लव उठवतात, सॉफ्टनरही वापरतात. दुकानात जो सगळ्यात लुसलुशीत लागतो, तोच पुढे सगळ्यात आधी गोळे धरू शकतो. मी पुन्हा विचारलं. तिनं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ सूटबुटातले, त्यांनी कॉफी विचारली आणि मंगोलियातल्या शेळ्यांचं वर्णन सुरू केलं. शेळ्यांबद्दल मला शंका नव्हती.

शेवटी ते म्हणाले, ही माहिती मुख्य कार्यालयाकडे असते, ईमेल पाठवा. लेक कोपरानं ढोसत होती, "आई, पुरे ना." ईमेल पाठवला. उत्तर यायला इतके दिवस लागले की तेवढ्यात मी स्वतः एक स्वेटर विणून काढला असता. उत्तरात त्यांची परंपरा, कारागिरांचे हात, निसर्गाबद्दलचा आदर सगळं होतं, पदर नव्हते. मी सरळ दोन ओळींत पुन्हा विचारलं: धागा एकपदरी की दोनपदरी, सूत कुठल्या गिरणीचं. यावर कळलं की "अशी तांत्रिक माहिती आम्ही ग्राहकांना देत नाही." एखाद्या खातेदारानं ठेवीवरचा व्याजदर विचारला आणि मी काउंटरमागून बँकेचा इतिहास ऐकवला असता, तर त्यानं त्याच दिवशी शाखाधिकाऱ्याची केबिन गाठली असती. इथे लोक हजार युरो मोजतात आणि प्रश्न विचारणारी बाईच विचित्र ठरते. त्यानंतर 'आमची सेवा कशी वाटली' असा फॉर्म आला. तो मी अगदी मन लावून भरला.

सुटका बिएल्लात झाली. मिलानहून रेल्वेनं सान्थिया, तिथे गाडी बदलून बिएल्ला. हा सगळा पट्टा लोकरीच्या गिरण्यांचा आणि अनेक गिरण्यांना लागून त्यांचं स्वतःचं दुकान असतं, त्याला स्पाच्चो म्हणतात. शोकेस नाही, कॉफी नाही, ट्यूबलाइटचा उजेड. काउंटरवरच्या माझ्याच वयाच्या बाईंना लेकीनं तोच प्रश्न इटालियनमध्ये विचारला, तर त्यांनी मानही वर न करता सांगितलं: "दोन, अठ्ठावीस." म्हणजे ग्रॅमला अठ्ठावीस मीटर भरेल अशा सुताचे दोन पदर एकत्र पिळलेला धागा. मग त्यांनी स्वेटर उलटा करून खांद्याची शिवण दाखवली. बाह्या कापून शिवल्या नव्हत्या, टाके कमी करत आकार दिला होता आणि टाक्याला टाका जोडला होता. बॉर्डर ताणून सोडली, जागच्या जागी परतली. स्वेटर दिव्यासमोर धरला, वीण सगळीकडे सारखी दाट. एवढ्यात झालं.

त्या बाईंकडूनच कळलं की दुकानांची नावं कितीही असोत, उत्तम सूत कातणाऱ्या गिरण्या मोजक्याच. मार्के भागातल्या काल्यी गावची कारियाज्जी ही त्यातली एक, आणि तिच्यात आज कुचिनेल्ली आणि शानेल ही फ्रेंच फॅशन कंपनी, दोघांचेही हिस्से आहेत. लोरो पियाना मात्र कच्च्या लोकरीपासून तयार कपड्यापर्यंत बरंच काही स्वतः करते. त्यांचं 'बेबी कॅशमियर' म्हणजे वर्षाच्या आतल्या करडांची, आयुष्यात एकदाच विंचरून काढलेली लोकर. एका करडामागे जेमतेम 30 ग्रॅम, तंतूची जाडी साधारण 13.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथे जास्त किमतीला निदान कारण दिसतं. तरी नावावर डोळे मिटून जाऊ नका. 2025 च्या जुलैमध्ये मिलानच्या न्यायालयानं याच कंपनीला वर्षभरासाठी न्यायालयीन देखरेखीखाली ठेवलं, कारण तिच्या कामाची साखळी मजुरांची पिळवणूक करणाऱ्या छोट्या कारखान्यांपर्यंत पोचत होती. इतके पैसे घेणाऱ्यांकडून हे व्हावं, याचा मला त्या ईमेलपेक्षाही जास्त राग आला.

बिएल्लात माझ्या मापाचा मनासारखा रंग नव्हता. पण काय बघायचं ते कळलं होतं. जानेवारीच्या सुरुवातीला, एपिफनीच्या सणाच्या तोंडावर, इटलीत हिवाळी सेल लागतो, त्याला साल्दी म्हणतात. मिलानमध्ये एका अनेक ब्रँड ठेवणाऱ्या दुकानात मालोचा राखाडी स्वेटर मिळाला. उलटा केला, ताणला, उजेडासमोर धरला, तळव्यानं घासून पाहिला. लेक दुसरीकडे बघत उभी राहिली. घेतला. आतल्या छोट्या पाकिटात दुरुस्तीसाठी त्याच सुताचा तुकडा होता, तो फेकू नका.

टॅक्सचं सांगायचं राहिलं. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांनी एका दुकानात 70 युरोंहून जास्त खरेदी केली की पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्री कागद मागायचा. पूर्वी ही मर्यादा जवळजवळ 155 युरो होती, 2024 च्या फेब्रुवारीत उतरवली. इटलीचा व्हॅट 22 टक्के, पण मधल्या कंपन्या आपला वाटा कापतात, त्यामुळे तेवढा परत येत नाही. विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कागदाची नोंद करून घ्या, वस्तू न वापरलेली आणि हाताशी ठेवा. म्हणजे स्वेटर घेऊन तो तिथल्या थंडीत घालायचा नाही! मी घातला. टॅक्स सोडून दिला.

गोळे पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत थोडे येतातच, घाबरू नका, कंगव्यानं हलके काढा. गार पाणी, लहान बाळाचा शांपू, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सपाट वाळवायचा. हँगरला कधीच टांगू नका. पुण्यात पावसाळ्याआधी धुऊन, घट्ट बंद पिशवीत ठेवा. मळका ठेवलात तर कसर लागलीच म्हणून समजा, डांबराच्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका.

भावासाठी घेणार असाल तर इटालियन 50 म्हणजे आपली 40 इंच छाती. दुकानात 'एल' म्हणून जे देतील ते घालून बघितल्याशिवाय घेऊ नका, तिकडे अंगाला चिकटून घालायची पद्धत आहे.