लेथला ड्राइव्ह बसवताना

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरामागच्या टिनाच्या शेडात माझं लाकडाचं लेथ आहे. सागाची लाटणी, पाटाचे पाय काततो. मोटर एक एचपीची, सिंगल फेज. वेग बदलायचा तर पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर चढवायचा. जाड ओंडका बांधला की सगळ्यात कमी वेगातही लेथ थरथरायचं, म्हणून व्हीएफडी, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, घ्यायचं ठरवलं.

दुकानदार म्हणाला, "याच मोटरला लावा, चालते." पैसे देण्याआधी वाइंडिंगवाल्या काकांना विचारलं, ते बरं झालं. कपॅसिटरवाल्या मोटरचा वेग उतरला की आतला स्विच पुन्हा जुळतो, स्टार्टिंगचं वाइंडिंग चालूच राहतं आणि जळतं. काका म्हणाले, "थ्री फेज मोटर पाह्य बाप्पा. पण पाटी वाचल्याबिगर घेऊ नको."

शेतावर थ्री फेज आहे, पण ती पाळीनं येते, कधी अर्ध्या रात्री. घरी सिंगल फेजच. सिंगल फेज ड्राइव्ह थ्री फेज बनवून देतो खरा, पण दाब 230 व्होल्टच्या वर जात नाही. मामेभावाकडं कुट्टी मशीनची एक एचपीची मोटर पडून होती. पाटीवर 415 व्होल्ट, स्टार, 1.8 अँपिअर, 1440 आरपीएम. स्टारमध्ये तिन्ही वाइंडिंगांची एकेक टोकं एका गाठीत बांधलेली असतात, आणि एकेका वाइंडिंगला 240 च्या आसपास दाब मिळतो. तीच वाइंडिंगं डेल्टात, म्हणजे टोकाला टोक लावून त्रिकोणात, जोडली की ड्राइव्हचे 230 पुरतात. अडचण एकच होती. बाहेर तारा तीनच, स्टारची गाठ आत बांधलेली. काकांनी गाठ सोडून सहाही तारा बाहेर काढल्या. हे काम नवख्यानं करू नये, वाइंडिंगचं वार्निश नाजूक असतं.

डेल्टात करंट 1.73 पट होतो, म्हणजे 3.1 अँपिअर. ड्राइव्ह निवडताना मी एचपी नाही, हाच आकडा धरला. 0.75 किलोवॅटचा साधारण 4 अँपिअर देतो, तोही पुरला असता. पण मे महिन्यात आमच्या टिनाखाली उभं राहवत नाही, आणि बऱ्याच ड्राइव्हचा पूर्ण भार 40 अंशांपर्यंतच धरलेला असतो. म्हणून 7 अँपिअरचा, 1.5 किलोवॅटचा घेतला, आणि शेडात न लावता घराच्या भिंतीला, भुशापासून दूर बसवला.

आता 15 हर्ट्झवर मोटर चारशेच्या आसपास फिरते आणि तोच ओंडका शांत राहतो. मात्र मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर असल्यानं हळू चालवताना ती तापते. दीर्घ काम असलं तर मी पुली बदलून हर्ट्झ वर ठेवतो. थांबायला दहा सेकंद दिले आहेत. कमी दिले तेव्हा ओंडक्याचा जोर उलटा येऊन ड्राइव्ह ट्रिप व्हायचा.

काका पाहायला आले तेव्हा मोटर आणि ड्राइव्हच्या मध्ये मी जुना स्टार्टर ठेवला होता. चालू ड्राइव्हपुढं मोटर अशी तोडली-जोडली तर ड्राइव्ह बिघडू शकतो. त्यांनी आधी मेन बंद केला, ड्राइव्हमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबले, मग तो काढला आणि चालू-बंदचं बटण ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडून दिलं.