अडत कोण देतं?

परदेशी विद्यापीठांत मुलं पाठवायच्या आमच्या धंद्यात खरी सकाळ दुपारी होते. जूनमध्ये आपण ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असतो. तिकडची ॲडमिशन ऑफिसं नऊला उघडतात तेव्हा पुण्यात दीड वाजलेला असतो. तोवर आम्ही पालकांना चहा पाजतो, मार्कशीटं स्कॅन करतो, एसओपी (अर्जासोबतचं 'मला हा कोर्स का हवा' हे निवेदन) दुरुस्त करतो आणि दिवसभर एकच वाक्य म्हणतो, "आमची फी काही नाही, सर्व्हिस फ्री आहे." वाक्य खरं आहे. त्यावर जो प्रश्न यायला हवा तो मात्र येत नाही. पालक व्हिसाची गॅरंटी विचारतात, पार्टटाइम नोकरीचं विचारतात, तिकडे शाकाहारी जेवणाची सोय आहे का विचारतात. फी घेत नाहीत तर हे एसी ऑफिस कुणाच्या पैशावर चालतं, हे कुणी विचारत नाही.

२०२५च्या जूनमध्ये एका माणसानं विचारलं.

तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. मुलीबरोबर पहाटेच्या गाडीनं आले होते. मुलगी बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी, पास होऊन दीड वर्ष झालेलं. जिल्ह्याच्या गावातल्या एका एजंटानं सगळं करून दिलं होतं, दुसऱ्या दिवशी ५,००० पौंड डिपॉझिट भरायचं होतं, आणि पुण्यातल्या भाच्यानं सांगितलं म्हणून भरण्याआधी कुणाला तरी फाइल दाखवायची होती. मुलगी त्यांना आबा म्हणत होती, म्हणून मीही इथे आबाच म्हणते. माझं ते फ्रीचं वाक्य संपल्यावर त्यांनी टोपी मांडीवर ठेवली.

"ताई, एक इचारू का? फी घेत न्हाई म्हंता. मग अडत कोण देतं तुम्हाला?"

मी म्हटलं, विद्यापीठ देतं. पहिल्या वर्षाच्या फीच्या साधारण १५ ते २० टक्के, कुठे त्याहून जास्त. म्हणजे एक मूल १६,००० पौंडांच्या कोर्सला गेलं की आमच्याकडे अडीच लाखांच्या वर येतात.

"म्हंजी खरेदीदार देतो. आमच्याकडं फळं-भाजीपाल्याची अडत सरकारनं २०१६ला खरेदीदारावर टाकली. बरं झालं म्हनलो आम्ही. पर मग अडत्या माल कुणाच्या डोळ्यानं बघनार, ते सांगा."

बेदाण्याच्या सौद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आमचा धंदा दोन वाक्यांत कळला. आमच्या ऑफिसात ट्रेनिंगचं सर्टिफिकेट भिंतीला लावून बसलेली दोन मुलं आहेत, त्यांना तो अजून कळलेला नाही. त्यांना वाटतं आपण 'करिअर गाइडन्स' करतो.

मग मी फाइल उघडली. ऑफर लेटरचा मजकूर मी शेवटी वाचते. आधी बघते विद्यार्थ्याचा ईमेल आणि एजंटचं नाव. इथे ईमेल मुलीच्या नावाचा होता, पण @च्या पुढे त्या कन्सल्टन्सीचं नाव. तो एजंटानंच बनवलेला, पासवर्ड त्याच्याकडे. विद्यापीठ तिच्याशी महिनोन्महिने बोलत होतं आणि तिला एक अक्षर पोचलं नव्हतं. एजंट म्हणून जे नाव छापलं होतं ते गावातल्या पाटीवरचं नव्हतंच, दिल्लीतल्या कुठल्यातरी कंपनीचं होतं. म्हणजे गावातला माणूस सब-एजंट. विद्यापीठाचा करार दिल्लीशी, दिल्लीचा गावाशी तोंडी, कमिशन अर्धं अर्धं, आणि काही बिघडलं तर विद्यापीठाला गावातला माणूस माहीतच नाही. बहुतेक विद्यापीठं आपल्या साइटवर देशवार अधिकृत प्रतिनिधींची यादी देतात. ती बघायला दोन मिनिटं लागतात, पण पालक बघतात ती एजंटच्या भिंतीवरची लोगोंची रांग.

कोर्स होता एमएससी इंटरनॅशनल बिझनेस मॅनेजमेंट, लंडन कॅम्पस. विद्यापीठ मूळचं लंडनचं नाही, तिथे त्यानं एक इमारत घेतली आहे.

"तुला बिझनेस करायचं होतं?"

"नाही मॅडम, फूड सायन्स. लीड्स आणि रेडिंगला अर्ज केला होता. सर म्हणाले, दोन्हीकडून रिजेक्ट आलं."

"ॲप्लिकेशन नंबर?"

नंबर नव्हता. नंबर नाही म्हणजे अर्ज नाही, विद्यापीठ नकार देतानासुद्धा नंबर घालून देतं. पदवीसाठी यूकास ही सामाईक अर्जव्यवस्था असते, एका अर्जात पाच पर्याय, सगळं एका ठिकाणी दिसतं. मास्टर्सला तसं काही नाही, प्रत्येक विद्यापीठाचं पोर्टल वेगळं, आणि एजंटला खोटं बोलायला जागा मिळते ती तिथेच. ज्यांच्याशी करार नाही त्यांच्याकडे अर्ज करून त्याला काय मिळणार? ऑक्सफर्ड-केंब्रिज तर एजंट ठेवतच नाहीत, म्हणून त्यांचं नाव आमच्यासारख्या ऑफिसांत सहसा निघत नाही.

व्हिसासाठी पैसे कसे दाखवणार, हे विचारल्यावर आबांनी कागदावर लिहून आणलेला हिशोब काढला. लंडनसाठी तेव्हा महिन्याला १,४८३ पौंड धरायचे, नऊ महिन्यांचे १३,३४७, वर उरलेली फी. सगळे मिळून अठ्ठावीस लाखांच्या आसपास, आणि ते सलग २८ दिवस खात्यात हवेत. एजंट आधी म्हणाला होता चुलत्याच्या खात्यात दाखवू. ते चालत नाही. खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं लागतं, काका-मामा कितीही सख्खे असले तरी ब्रिटिश गृहखात्याच्या लेखी परके. प्रॉव्हिडंट फंड, शेअर्स चालत नाहीत. मग तो म्हणाला होता, एक पार्टी आहे, महिनाभर आबांच्या खात्यात रक्कम ठेवेल, टक्केवारी द्यायची. शिवाय 'व्हिसा गॅरंटी पॅकेज'चे ७५,००० रुपये त्यानं आधीच घेतले होते. व्हिसा ब्रिटिश सरकार देतं, त्याची गॅरंटी तासगावात किंवा डेक्कनला विकायला कशी येते हे मला कुणीतरी समजावून सांगावं. शैक्षणिक कर्ज काढलं तर २८ दिवसांची भानगडच नसते, बँकेचं मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतलं असलं की पुरतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यात पार्टीला काम नाही.

दीड वाजता मी विद्यापीठाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की त्या फक्त अर्जदाराशी बोलतील. मला हे आवडतं, अशा वेळी फार आवडतं. मी फोन मुलीला दिला. एजंटानं तिला सांगून ठेवलं होतं की तुझं इंग्लिश वीक आहे, विद्यापीठाशी तू बोलू नकोस, इंटरव्ह्यूच्या तयारीचे वेगळे पैसे पडतील. तिनं जन्मतारीख सांगितली, पासपोर्ट नंबर सांगितला, अर्जावरचा ईमेल माझा नाही आणि तो बदलायचा आहे, हे सरळ, न अडखळता सांगितलं. पासपोर्टचा स्कॅन तिच्या स्वतःच्या ईमेलवरून पाठवला. आबा तिच्याकडे बघत होते. चारच्या सुमारास लिंक आली आणि पोर्टल उघडलं.

कागदपत्रांच्या रांगेत पासपोर्ट होता, मार्कशीटं होती, एसओपी होती, आणि एक अनुभवाचं प्रमाणपत्र. हिंजवडीतली एक कंपनी, पद 'बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह', कालावधी बरोबर ते दीड वर्ष. शिक्का, सही, लेटरहेड, सगळं व्यवस्थित.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिनं दोनदा वाचलं. "मी तर घरी होते मॅडम. शेडवर."

शेडवर म्हणजे बेदाण्याच्या शेडवर. दीड वर्ष ती वडिलांचं शेड चालवत होती. डिपिंगच्या द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटचं प्रमाण काय ठेवायचं, ढगाळ हवेत ते कसं बदलायचं, रॅकवर माल किती दिवस ठेवायचा, ओलावा किती राहिला की उतरवायचा, गंधकाची धुरी दिली तर रंग सुधारतो पण निर्यातीच्या मालात अंश किती चालतो, कोल्ड स्टोरेजला टाकताना कुठली प्रत वेगळी करायची, हे ती मला इतकं भराभर सांगत गेली की मी लिहून घ्यायला लागले. फूड सायन्सच्या प्रवेश समितीला याहून चांगला अनुभव कुठे मिळणार होता? दीड वर्षाचं खरं काम फाइलच्या बाहेर ठेवून त्या माणसानं आत एक बनावट कागद घातला, कारण शेतातलं काम म्हणजे त्याच्या लेखी 'गॅप'. एजंटाचा लोभ मी समजू शकते. हे अज्ञान मला जास्त झोंबलं.

आबांना मी त्या कागदाचा अर्थ सांगितला. व्हिसाच्या अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते, आणि ती एजंटवर येत नाही, मुलीवर येते. अजून व्हिसाचा अर्ज झालेला नव्हता, एवढंच नशीब.

"सौद्यात बेदाणा उधळत्यात बघा ताई. पायाखाली गेल्याला माल व्यापाऱ्याचा नसतो, अडत्याचाबी नसतो. शेतकऱ्याचाच असतो."

या व्यवस्थेबद्दल चांगलं बोलायला मला फार जड जातं. ब्रिटनमध्ये एजंटांसाठी गुणवत्ता चौकट आहे, ब्रिटिश कौन्सिलचं प्रशिक्षण आहे, २०२४च्या मे महिन्यात त्यांच्याच स्थलांतर सल्लागार समितीनं काही एजंट मुलांची दिशाभूल करतात असं लिहून ठेवलं. पुढच्या मे महिन्यातल्या श्वेतपत्रिकेत विद्यापीठांवरचे निकष आणखी आवळले, व्हिसा नाकारला जाण्याचं प्रमाण १० टक्क्यांऐवजी ५ टक्क्यांच्या आत ठेवायचं. हे सगळं दिल्लीच्या कंपनीपर्यंत पोचतं आणि तिथे थांबतं. इकडे नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला त्या कायद्यात जागा नाही. पंजाबनं २०१२मध्ये स्वतःचा कायदा केला. आपल्याकडे शॉप ॲक्टचं लायसन्स काढायचं, भिंतीवर बिग बेनचा फोटो लावायचा.

संध्याकाळी दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली सोपी होती, डिपॉझिट भरायचं नाही. फूड सायन्सला आमचा करार असलेलं त्या मुलीच्या कामाचं एकही विद्यापीठ नव्हतं, म्हणून मी तिला सांगितलं की थेट अर्ज कर, आमच्यामार्फत नको, थेट अर्जाला एजंट लागतच नाही. आमचे सर केबिनमधून ऐकत होते. ती दोघं गेल्यावर म्हणाले, "सेवाभावी संस्था काढली आहे का आपण?" ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या शीटवर त्या आठवड्याचा डिपॉझिटचा आकडा शून्य होता.

दुसरी गोष्ट अवघड होती. तो लंडनचा अर्ज नुसता मागे घ्यायचा, की विद्यापीठाला कळवायचं की त्यात एक खोटा कागद आहे आणि तो तिच्या नकळत घातला गेला? मी कळवायच्या बाजूनं होते. तो कागद त्यांच्याकडे तिच्या नावावर पडून राहणार होता. उद्या कुणी तपासला तर आज तिनं स्वतः लिहिलेला मेल हाच तिचा एकमेव पुरावा. आबा म्हणाले, "गप अर्ज काढून घ्या की. आपल्याच हातानं कशाला लिहून द्यायचं?" पोलिसांत जायलाही ते तयार नव्हते, एजंट त्यांच्या मेहुण्याच्या सासरचा. आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. फसवणुकीचा विषय आपणच काढल्यावर समोरचा काय करेल याची खात्री मी देऊ शकत नव्हते, आणि गॅरंटी विकणाऱ्यांच्या रांगेत मला बसायचं नव्हतं.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिहिते." तिनंच लिहिलं, साधं, चार ओळींचं. मी फक्त तारखा तपासल्या.

दोन दिवसांनी उत्तर आलं: नोंद घेतली, अर्ज बंद केला आहे. बस. दिल्लीच्या कंपनीला काही विचारलं की नाही, देव जाणे. गावातली पाटी अजून आहे.

त्या सप्टेंबरच्या बहुतेक जागांची वेळ टळत आली होती, म्हणून तिनं वर्षभर थांबून २०२६साठी अर्ज केला. शेडवरच्या कामावर एसओपी लिहिली. ऑफर आली, फूड सायन्सचीच, लंडनबाहेरची, म्हणजे राहण्याचा हिशोबही कमी. बँकेनं शेतजमीन तारण घ्यायला नकार दिला, कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यात शेतजमीन बसत नाही. शेवटी तासगावातलं घर लावलं. पण थांबण्याची किंमत नंतर कळली. शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिन्यांचाच मिळणार. त्याच वर्षी गेली असती तर तिला दोन वर्षं मिळाली असती. नको असलेल्या कोर्सवर, खोट्या कागदावर, पण दोन वर्षं. तिच्या बरोबरीची एक मुलगी त्याच एजंटामार्फत त्याच लंडन कॅम्पसला गेली, तिच्या फाइलमध्ये काय होतं कुणास ठाऊक, आणि ती आता तिथे आहे. आबा हे मला सांगतात तेव्हा तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, भाव सांगावा तसं सांगतात.

त्या मेलची प्रिंट मी तिला फाइलमध्ये ठेवायला सांगितली आहे. कॅसच्या, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रवेशपत्राच्या, आधी विद्यापीठ मुलाखत घेईल, आधीच्या अर्जांचं विचारतील तर जे झालं ते सांगायचं. आबांचं म्हणणं अजून तेच आहे, परवा फोनवर पुन्हा म्हणाले, "ते लिहून द्यायला नको हुतं ताई." मी म्हटलं, बघू मुलाखतीत काय विचारतात.